फूड प्रोसेसरच्या झाकणाची जीभ: वर्षाहून अधिक वापरानंतरचा अनुभव

मोटर व्यवस्थित आहे, पात्यांची धार शाबूत आहे, बाऊलला चीर नाही. आणि तरीही गेल्या पावसाळ्यात आमचा फूड प्रोसेसर कित्येक आठवडे ओट्यावर बंद पडून राहिला. कारण एवढेच, की झाकणाच्या कडेची, करंगळीच्या नखाएवढी प्लास्टिकची जीभ तुटली होती.

झाकण फिरवून बसवले की ही जीभ बाऊलच्या मुठीतल्या खाचेत शिरते, तिथली दांडी खाली ढकलते आणि ती दांडी यंत्राच्या बुडातला मायक्रोस्विच दाबते. मोटरला वीज मिळते ती त्यानंतरच. उघड्या बाऊलमध्ये पाते फिरू नये म्हणून केलेली ही सोय आवश्यकच आहे आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार अशी आहे की दर वेळी झाकण लावताना आणि काढताना ज्या भागावर सगळा जोर येतो, तोच भाग सर्वांत पातळ ठेवलेला आहे, आणि तो तुटला तर सुटा मिळत नाही.

प्लास्टिकचे भाग वॉरंटीत येत नाहीत, हे वॉरंटी कार्डावर छापलेले होते, त्यामुळे पैसे देण्याची तयारी ठेवूनच मी कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. तिथे सांगण्यात आले, "सर, झाकण वेगळं येत नाही, पूर्ण बाऊल सेट घ्यावा लागेल." त्या सेटची किंमत यंत्राच्या मूळ किमतीच्या एक तृतीयांशाहून अधिक होती. चांगला बाऊल घरात असताना दुसरा बाऊल विकत घेऊन पहिला भंगारात टाकणे मला मान्य नव्हते आणि आजही नाही. १९६०च्या दशकात सुमीत आला तेव्हापासून आपल्याकडच्या घरांत मिक्सर नांदतो आहे, आणि त्याच्या भांड्याचे पाते, कपलर, वॉशर, झाकण यांतली प्रत्येक वस्तू पुण्यात वेगळी विकत मिळते. एकेक मिक्सर वीस-वीस वर्षे टिकतो तो त्यामुळेच. जी सोय मिक्सरला आहे ती त्याहून महाग यंत्राला का नसावी, याचे उत्तर त्या केंद्रात कोणाकडेही नव्हते.

तपकीर गल्लीतल्या एका अनुभवी कारागिराने यंत्र उघडून पाहिले आणि स्विच डायरेक्ट करून देतो म्हणाला, म्हणजे झाकण असो वा नसो, बटण फिरवले की मोटर सुरू होणार. काम चोख झाले असते आणि पैसेही किरकोळ लागले असते, पण मी नकार दिला. आमच्याकडे या यंत्रावर कणीक मळण्याचे काम बहुतेक वेळा आई करते, तिचे मनगट दुखते म्हणूनच ते घेतले होते, आणि बाऊलमध्ये बोटे असताना चुकून बटणाला धक्का लागला तर काय होईल याचा विचारही मला सहन होत नव्हता. कोणी असा उपाय सुचवला, तर कृपा करून तो स्वीकारू नये.

अखेर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि कंपनीला सविस्तर ईमेल लिहिला. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले आहे, याचा उल्लेख त्यात मुद्दाम केला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, हेही नम्रपणे कळवले. त्यानंतर कंपनीच्या मुख्य कार्यालयातून फोन आला आणि जे झाकण वेगळे येतच नव्हते, ते रास्त किमतीत घरपोच आले.

मधल्या काळात घरातल्या कामासाठी हँड ब्लेंडर घेतला आणि त्यामुळे माझे मत बऱ्याच अंशी बदलले. तोवर मला वाटत होते की प्रोसेसर असलेल्या घरात हँड ब्लेंडर म्हणजे अनावश्यक खर्च. आता असे वाटते की पालकाची पातळ भाजी, टोमॅटोचे सार, भोपळ्याचे सूप हे ज्या पातेल्यात शिजते त्यातच घोटता येणे ही मोठी सोय आहे. गरम पदार्थ मिक्सरच्या बंद भांड्यात फिरवला की वाफेने झाकण उडण्याची भीती असते, ती इथे उरत नाही. दांडा मात्र स्टीलचाच असावा. शिवाय याच्या बहुतेक मॉडेलांत बटण दाबून धरले तरच पाते फिरते आणि बोट उचलताच थांबते, त्यामुळे तुटण्याजोगी जीभ इथे नाहीच.

असे असले तरी हँड ब्लेंडर प्रोसेसरची जागा घेऊ शकत नाही. दाट पुरणात तो लगेच तापतो. बहुतेक ब्लेंडर सलग मिनिटभरापेक्षा जास्त चालवू नयेत, असे माहितीपुस्तिकेतच लिहिलेले असते. पुरणासाठी आमच्याकडे पुरणयंत्रच वापरले जाते. साबुदाणा वड्याचा बटाटा तर दोन्हींपैकी कशातच घालू नये, कारण वेगवान पात्याने त्यातला स्टार्च मोकळा होतो आणि लगदा चिकट होतो. काकडी चोचवण्याचे काम विळीवरच व्हावे. प्रोसेसरमध्ये तिला इतके पाणी सुटते की खमंग काकडीचा खमंगपणा राहत नाही.

प्रोसेसरचे खरे मोल कणकेत आहे. अर्धा किलो पिठाला आमच्याकडे साधारण तीनशे मिलिलिटर पाणी लागते. ते झाकणावरच्या नळीतून हळूहळू सोडले, की मिनिटभरात गोळा जमतो. मग तेलाचा हात लावून वीस मिनिटे झाकून ठेवायचा आणि शेवटी हाताने थोडा तिंबायचा. घडीच्या पोळीला लागते तितकी सैल कणीक केली तर ती पात्याला चिकटते, म्हणून यंत्रात किंचित घट्ट ठेवून शेवटचे पाणी हातानेच लावावे, ही आईने शोधलेली रीत आहे आणि ती चुकत नाही. मोटरचा आवाज जड झाला की लगेच थांबावे. पचडीसाठी कोबी आणि लोणच्यासाठी गाजर यांचे कामही उत्तम होते.

खरेदीला जाणाऱ्यांना माझे आग्रहाने सांगणे आहे की वॅटचा आकडा आणि जोडभागांची संख्या यांवर वेळ घालवण्याआधी दुकानदाराला खोके उघडायला सांगावे. झाकण स्वतःच्या हाताने अनेकदा लावून-काढून पाहावे, जिभेची जाडी पाहावी, जोर लावल्यावर ती वाकते का ते तपासावे. झाकण सुटे मिळते का आणि केवढ्याला, हे बिलावर लिहून मागावे. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर दुसरे मॉडेल पाहावे. घरी आणल्यावर झाकण उकळत्या पाण्याने धुऊ नये आणि काढताना नळीला धरून पिळू नये, दोन्ही बाजूंनी कडेला धरून फिरवावे.

आमच्या नव्या झाकणाच्या जिभेच्या मुळाशी आताच एक बारीक पांढरी रेघ दिसू लागली आहे. प्लास्टिकवर ताण येत असल्याची ती खूण आहे. कंपनीने ही जीभ धातूची करावी किंवा निदान स्क्रूने बसवता येईल अशी सुटी द्यावी, अशी मागणी मी पुन्हा लेखी पाठवली आहे. हेच यंत्र वापरणाऱ्यांनी आपापल्या झाकणाचा फोटो जोडून तशीच मागणी करावी.