पाणी उकळावे की क्लोरीनचे थेंब घालावेत?
विहिरीचे पाणी गढूळ होताच धाकट्या बहिणीने विचारले, की घरात दोन वर्षांचे मूल असताना पाणी उकळावे की क्लोरीनचे थेंब पुरेत. खळखळून १ मिनिट उकळल्यास कॉलरा व विषमज्वराचे जंतू मरतातच, शिवाय क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवीही नष्ट होतो. मात्र इंधन खर्ची पडते आणि हंड्यात कुणी हात बुडवला, की ते पाणी पुन्हा दूषित होते. क्लोरीन स्वस्त आहे आणि त्याचा अंश पाण्यात टिकून राखण करतो, हा फार मोलाचा गुण. परंतु ३० मिनिटे थांबावे लागते व गढूळ पाणी आधी निवळून गाळावे लागते. लहान मुलाला आणि आजाऱ्याला उकळलेलेच पाणी द्यावे. मोठ्या कुटुंबाच्या साठवणीला, विशेषतः पुराच्या दिवसांत, क्लोरीन योग्य.