४८ हजार चाललेली ऑडी टीटी घेतली, ११ हजारवाली सोडली: नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या आधी मी दोन ऑडी टीटी (दोन दारांची छोटी स्पोर्ट्स कूपे) बघितल्या. दोन्ही २०१६च्या, दोन्हींत २ लिटर पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद, क्वाट्रो (म्हणजे चारही चाकांना जोर). मुंबईतली पांढरी एका हातातली, फक्त ११ हजार किलोमीटर चाललेली. पुण्यातली राखाडी दुसऱ्या मालकाकडे होती, ४८ हजार चाललेली. पांढरी तीन लाखांनी महाग. एजंट, मित्र, सासरे, सगळ्यांचं एकच म्हणणं होतं की पैसे थोडे जास्त जाऊ देत, पण कमी चाललेली घे. मी २५ लाखांत राखाडी घेतली. आज मीटरवर ५५,९०० आहेत, आणि तो निर्णय बरोबर होता असं मी ठामपणे सांगू शकतो.

पांढरीत काय होतं ते सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे वापरलेल्या महागड्या कूपे बहुतेक अशाच असतात: रविवारी काढायच्या, एरवी कव्हरखाली. चारही टायरांच्या बाजूला चार आकडी शिक्का होता, २२१६. म्हणजे २०१६ सालचा बाविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी खोल, पण रबर कडक झालेलं आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा. बॅटरी उतरली होती, दुसऱ्या गाडीवरून वायर लावून सुरू करावी लागली. बॉनेट उघडून इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण काढलं तर खाली कापूस, कागदाचे तुकडे आणि उंदराच्या लेंड्या. दोन वायरींचं आवरण कुरतडलेलं. ब्रेकच्या चकत्यांवर गंजाचे पट्टे. सर्व्हिसच्या नोंदी मागितल्या तर शेवटच्या पाच वर्षांत दोनच निघाल्या. 'साहेब, गाडी चाललीच नाही तर सर्व्हिस कशाला?' हे एजंटचं उत्तर. इंजिन ऑइल वर्षाने बदलायचं असतं, गाडी चालो न चालो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते दोन वर्षांनी बदलावं लागतं. क्वाट्रोच्या हॅल्डेक्सचं, म्हणजे मागच्या चाकांना जोर देणाऱ्या क्लचचं, ऑइल तीन वर्षांनी. पांढरीत यातलं काहीच वेळेवर झालेलं नव्हतं.

राखाडीच्या मालकाने किल्लीच्या आधी फाइल हातात दिली. टायर बदलल्याची पावती, हॅल्डेक्सची दोनदा, ब्रेक ऑइलची तीनदा. पहिल्या मालकाच्या काळातली कागदपत्रंही लावलेली. मी त्यांना एक विनंती केली की माझ्याबरोबर सर्व्हिस सेंटरला चला, कारण जुन्या नोंदी सहसा चालू मालकालाच दाखवतात. ते आनंदाने आले. जो मालक यायला टाळाटाळ करतो, तिथे मी पुढे बोललोच नसतो.

विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस ४५ टक्के होता. म्हणजे सलग चार वर्षं क्लेम नाही. (हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर आपल्याला मिळत नाही. पण गाडीबद्दल बरंच सांगून जातो.) मीटर मागे फिरवलंय का ते बघायला ओळखीच्या फिटरने व्हीसीडीएस (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं तपासणीचं सॉफ्टवेअर) लावून वेगवेगळ्या कंट्रोल युनिटमधले किलोमीटर मीटरशी जुळवले. जुळले.

चुंबकाबद्दल मुद्दाम लिहितो. पोचलेल्या जागी पुटी भरली आहे का हे बघायला आपले जुने जाणकार पत्र्याला चुंबक लावतात. मामा तसेच खिशात चुंबक घेऊन आले. बॉनेटला चिकटेना, दाराला चिकटेना, छताला चिकटेना. मामा म्हणाले, 'अख्खी गाडी पुटीने भरलीय!' तसं नाही. या टीटीचं बाहेरचं अंग ॲल्युमिनियमचं आहे, पोलाद खालच्या भागात. इथे ॲल्युमिनियमवर चालणारं, रंगाची जाडी मोजणारं यंत्रच हवं. आणि ठोकाठोकी झालीच तर ॲल्युमिनियमचं काम येणारा डेंटर हवा, कोपऱ्यावरच्या गॅरेजचं ते काम नाही.

दिल्लीच्या पासिंगची एक टीटीही चार लाखांनी स्वस्त मिळत होती. तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणून महाराष्ट्रात नोंदणी करायची तर इथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, तरी बाहेरून आयात झालेल्या गाडीला दर चढाच असतो. हिशोब मांडला, फायदा उरला नाही. पुण्यातल्या पुण्यात मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर काम झालं. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद परिवहनच्या ॲपवर दिसेपर्यंत मी टोकनपलीकडे रक्कम दिली नाही.

आता खर्च. पहिल्या तीन महिन्यांत पुढच्या सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड, ४२ हजार. पुण्याच्या रस्त्यांवर ४८ हजार किलोमीटर झाल्यावर ते जाणारच होते, किंमत ठरवताना मी ते धरले होते. बॅटरी २४ हजार. ती वेळेत बदला, कारण टीटीच्या काचांना चौकट नाही. हँडल ओढलं की काच आधी थोडी खाली सरकते, मग दार उघडतं. बॅटरी मेली की काच सरकत नाही आणि दार उघडताना वरच्या रबराला घासते. विमा ७० हजार. जुलैत पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही, डाव्या टायरच्या बाजूला फुगा आला. २४५/४० आर१८ चा टायर, २१ हजार. एकूण १ लाख ५७ हजार, पेट्रोल आणि नेहमीची सर्व्हिस सोडून. टाकीच्या झाकणाआड ९५ ऑक्टेन लिहिलं आहे, म्हणून मी महागडं पेट्रोलच भरतो. शहरात लिटरला आठ-साडेआठ, हायवेवर तेरा.

हे सगळं कशासाठी, तर पसरणीच्या घाटासाठी. वाईहून सकाळी सहाला निघायचं. गाडी जेमतेम ४.१८ मीटर लांब, चाकांमधलं अंतर अडीच मीटर, वजन साडेतेराशे किलोच्या आत-बाहेर. वळणात ती नाकाने ओढली जात नाही, सगळी एकदम वळते. नेहमी जोर पुढच्या चाकांकडे जास्त असतो, गरज पडली की हॅल्डेक्सचा क्लच मागच्या चाकांना जोर पाठवतो. ऑगस्टमध्ये ताम्हिणीत धो धो पावसात हे जाणवलं. वळणातून बाहेर पडताना हलकं ॲक्सिलरेटर दिलं तरी मागची बाजू शांत. नकाशा थेट काट्यांच्या जागी, स्टिअरिंगच्या मागच्या १२.३ इंची पडद्यावर येतो. त्यामुळे शेजारी बसणाऱ्याला गाणं बदलायला काहीच मिळत नाही. बायकोची ती एकमेव कायमची तक्रार.

रोजच्या वापराचं खरं सांगायचं तर दारं लांब आहेत. सोसायटीत दोन गाड्यांच्या मध्ये उभी केली तर बाहेर पडता येत नाही. मी खांबालगतची जागा शेजारच्या काकांकडून बदलून घेतली, त्याशिवाय गाडी घेतलीच नसती. उंच स्पीडब्रेकर तिरकेच घ्यायचे. मागची सीट माझ्या सहा वर्षांच्या मुलीची, मोठ्या माणसाचं डोकं काचेला टेकतं. बाबांचं वय ७४. पुढच्या सीटवर बसताना त्यांना माझा हात धरावा लागतो, उठताना जास्तच. त्यांच्यासाठी घरात दुसरी उंच गाडी आहे. ज्यांच्याकडे एकच गाडी आहे आणि घरात वडीलधारी माणसं आहेत, त्यांनी ही घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

हंगेरीतल्या ग्यौरमध्ये टीटीचं उत्पादन २०२३मध्ये थांबलं. पार्टची चिंता मलाही होती. इंजिन आणि गिअरबॉक्स त्याच घराण्यातले आहेत जे २०१७च्या स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएसमध्ये आले, त्यामुळे फिल्टर, प्लग, कॉइल अशा गोष्टी दोन दिवसांत मिळतात. हेडलाइट, दाराची काच, मागचा बंपर यांचं तसं नाही, मागवावेच लागतात. म्हणून पार्किंगमध्ये मी फार जपतो. ६० हजार किलोमीटरला गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर बदलायचंय, त्याचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. पावती त्याच फाइलमध्ये लागेल, आधीच्या दोघांच्या पावत्यांच्या मागे.