चीनमध्ये सरकारविरुद्ध दाद मागायची : अर्ज की खटला?

स्थानिक प्रशासनाने जमीन घेतली आणि मोबदला कमी दिला, तर चिनी शेतकऱ्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात.

पहिली 'शिनफांग', म्हणजे तक्रार-अर्ज. फी नाही, वकील नको. समूहाची तक्रार असली तरी प्रत्यक्ष जाणारे प्रतिनिधी जास्तीत जास्त 5. नियमाने 15 दिवसांत अर्ज स्वीकारल्याचं कळवायचं, 60 दिवसांत निकाली काढायचा. खरी मेख पुढे आहे : कागद फिरून बहुतेकदा त्याच स्थानिक कचेरीत येतो, जिच्याविरुद्ध तक्रार असते. शिवाय बीजिंगला गेलेले अर्जदार आपल्या अधिकाऱ्यांच्या नावावर डाग ठरतात. मग त्यांना वाटेतच अडवून परत आणण्यासाठी माणसं धाडली जातात.

दुसरी वाट प्रशासकीय खटल्याची, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाण्याची. कायदा 1990 पासून लागू. फी साधारण 50 युआन. 2015 मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने खटला भरण्याची मुदत 3 वरून 6 महिन्यांवर नेली. अर्जावर दाद मागत बसलात तर हीच मुदत हातची जाते. कम्युनिस्ट पक्षाच्या समितीला मात्र प्रतिवादी करता येत नाही, आणि न्यायालयही पक्षाच्याच नेतृत्वाखाली.

मोबदल्याचा लेखी आदेश हातात असेल, तर आधी खटलाच भरावा.