बेळगावकडची जुनी गाडी कोल्हापूरला विकावी की लंडनला?

परदेशी गिऱ्हाईक किंमत बरी सांगतं, त्यामुळं मन तिकडं ओढ घेतं. पण आधी आरसी बुक काढून दोन गोष्टी बघा: नाव कुणाचं आणि गाडी बनली कोणत्या साली.

नाव आजोबांचं असेल तर दोन्ही वाटा बंद. मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून (कर्नाटकातलं महसूल कार्यालय) वंशवृक्ष, वारसाच्या नावावर गाडी करायचा फॉर्म 31 आणि भावंडांच्या सह्या आधी. निपाणी-खानापूरकडं बहुतेक सौदे इथंच अडतात. गाडी कधी पुसलीही नाही अशा चुलतभावाला सहीच्या वेळी आजोबांचं प्रेम आठवतं. आणि गाडी 1950 च्या आधीची असेल तर परवान्याशिवाय ती देशाबाहेर जात नाही. मग कोल्हापूरच बरं.

कोल्हापूरचं काम ओळखीचं आहे. फॉर्म 28 भरून बेळगाव किंवा चिक्कोडी आरटीओची एनओसी, चॅसिस नंबरचा ठसा, मग मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30. मग गिऱ्हाईक महाराष्ट्राचा कर भरून कोल्हापूरचा एमएच 09 नंबर घेतो. धोका एकच: त्यानं नाव बदललंच नाही तर अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये तसंच सांगितलंय.

लंडनच्या गिऱ्हाइकाच्या नावावर इथं गाडी चढवायची नसते. इंग्रजीत विक्रीपत्र, निर्यातीसाठी आयईसी (आयात-निर्यातीचा) क्रमांक, कस्टम ब्रोकर, शिपिंग बिल म्हणजे कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद. आणि गाडी कायमची देशाबाहेर गेली की मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 खाली नोंदणी रद्द. हे शेवटचं काम तुम्हालाच आठवणीनं करावं लागतं. खरी ओढाताण मूळ आरसीची. गाडीचं वय दाखवायला ती लंडनवाल्याला हवी असते, रद्द करायला आरटीओला. म्हणून साक्षांकित प्रती आणि आरटीओच्या नोंदवहीचा उतारा आधीच काढून ठेवा.

आपल्याकडच्या गाड्यांची आणखी एक भानगड. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी नोंदलेली गाडी मुंबई राज्याची, नंतर म्हैसूरची, 1973 पासून कर्नाटकाची. बेळगावच्या टिळकवाडीतून हलली नसली तरी कागदावर तीन राज्यं. कोल्हापूरकराला हे सांगावं लागत नाही. परदेशी माणसाला मात्र नंबर बदललेला दिसला की चोरीचा वास येतो. सगळे जुने नंबर सालांसकट एका पानावर लिहून त्याला आधीच पाठवा.

साठच्या दशकातली साधी फियाट असेल तर मी कोल्हापूरलाच देईन. मॉडेल दुर्मीळ, आरसी स्वतःच्या नावावर आणि जहाजाचा खर्च घेणाऱ्याकडं असेल, तरच लंडन. तेही पूर्ण रक्कम बँकेत जमा झाल्यावर.