नाशिकरोडचं बाळ येशू मंदिर: आमचा अनुभव

पप्पा गेले त्याच्यानंतर घरात कोणी नीट बोलतच नव्हतं, तेव्हा मावशी म्हणाली चल गं माझ्यासोबत एकदा, आणि मी नुसती तिचं मन राखायला गेले. नाशिक-पुणे रोडवर आहे, रिक्षावाल्याला बाळ येशू म्हटलं की पत्ता सांगावा लागत नाही. मूळ मूर्ती लांब युरोपातल्या प्राग शहरातल्या चर्चमधली, १६२८ साली तिथल्या कार्मेल नावाच्या कॅथलिक संघाच्या संन्याशांना दिलेली, आपल्याकडे त्याच रूपातला बाळ. मराठी मिस्सा (चर्चमधली मुख्य सामूहिक प्रार्थना) असते, ते मला फार आवडलं, कारण दुःखात असताना इंग्लिश प्रार्थना डोक्यावरून जातात हो.

पण खरं सांगू, मला सावरलं ते मावशीच्या घरानं. रोज संध्याकाळी जेवायच्या आधी रोझरी (मण्यांच्या माळेवर म्हणायची प्रार्थना), टीव्ही बंद, पोरं चुळबुळ करणार, काका मध्येच पेंगणार (मावशी कोपर मारते!), आणि शेवटी पप्पांचं नाव घेऊन सगळे गप्प. पहिल्या दिवशी मी उठून किचनमध्ये जाऊन रडले, कोणी मागे आलं नाही, नुसतं ताट वाढून ठेवलं.

यात्रा फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी, मुंबई-वसईहून तुफान गर्दी. शांतता पाहिजे तर तेव्हा नका जाऊ, साध्या दिवशी सकाळी जा. इतर धर्माचे लोकही मेणबत्ती लावताना दिसतात, कोणी काही विचारत नाही. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार, त्यातला एक मावशीच्या वरणभाताला.