‘पॉलिकार्बोनेट’ म्हणून ॲक्रिलिक गळ्यात मारलं

लाकडात खाचा मारायच्या माझ्या राउटर मशीनची जुनी बेस प्लेट, म्हणजे मशीन जिच्यावर टेकून सरकते ती तळाची प्लेट, टेबलावरून पडून तडकली. ऑनलाइन एक गोल, पारदर्शक, १५० मिलीमीटरची प्लेट दिसली. ‘६ मिली पॉलिकार्बोनेट, अचूक सेंटर’, किंमत ८५० रुपये. मागवली.

आली तेव्हा कडा काचेसारख्या लखलखत होत्या. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता! लेझरने कापल्यावर अशी चकचकीत कड ॲक्रिलिकला, म्हणजे ठिसूळ प्लास्टिकला येते. पॉलिकार्बोनेट हे चिवट प्लास्टिक लेझरखाली पिवळट-काळपट पडतं. पण गिऱ्हाईकाचं पुस्तकांचं कपाट अडलं होतं, मी घाईघाईत स्क्रू आवळले. भोकांना डोकी बसण्याइतका खोलगटपणाही नव्हता, तो मीच ड्रिलने काढला.

कपाटाच्या उभ्या फळ्यांवर १२ मिलीच्या खाचा मारायच्या होत्या. प्लेटची कड पट्टीला टेकवून एकदा मारली, कड साफ करायला परत येताना सवयीने मशीन अर्धी फिरवून धरली. खाच झाली साडेतेरा मिलीच्या आसपास. प्लाय त्यात खुळखुळायला लागला. सागाची फळी गेली.

मग कॉलेटमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीत, १२ मिलीची सरळ सळी घालून व्हर्नियरने कडेपर्यंत मोजलं: एका बाजूला ६९.७, समोर ६८.३. म्हणजे सेंटर ०.७ ने सरकलेलं, आणि मशीन अर्धी फिरवली की चूक दुप्पट. हे दोन मिनिटांचं माप आधी घेतलं असतं तर फळी वाचली असती.

दुसऱ्या दिवशी एका स्क्रूपासून चीर गेली. तुटलेला तुकडा चिमट्यात धरून पेटवला. तडतडत, जवळजवळ धूर न करता, गोडसर वास सोडत जळत राहिला. पॉलिकार्बोनेट काळा धूर सोडतं आणि ज्योत काढली की विझतं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, “सर, फिट केलेला माल रिटर्न होत नाही. स्क्रू जास्त आवळले असतील.” मी तक्रार वाढवली, तर ‘ड्रिल मारल्याच्या खुणा आहेत’ म्हणून तीही बंद. खुणा होत्याच, खोटं कसं बोलू?

शेवटी हायलमचा, म्हणजे रेझिनच्या कडक शीटचा तुकडा आणला. जुन्या प्लेटवरून फक्त स्क्रूची भोकं उतरवली, तुकडा मशीनला बसवला आणि मधलं भोक राउटरच्याच बिटने हळूहळू खाली दाबत पाडलं. मग त्या भोकात खुंटी घालून, त्याभोवती फिरवत बाहेरची गोलाई कापली. सळी घालून पुन्हा मोजलं, चारी बाजूंना सारखं.