अनट्रंक: लाइट गेल्यावर अर्धवट राहिलेल्या फाइलवरचं फुकट हत्यार

दशावतार असो की शिमग्याची पालखी, कोकणात कॅमेरा रात्रभर अ‍ॅडॉप्टरवरच चालतो. लाइट गेली की तो जागीच बंद, आणि कार्डावर कुठल्याच प्लेअरमध्ये न उघडणारी काही जीबींची एमपी४ फाइल उरते. चित्र, आवाज आत असतात. नसते ती ‘मूव्ह’ नावाची अनुक्रमणिका, म्हणजे कुठली फ्रेम कुठे आणि केवढी याची यादी. बहुतेक कॅमेरे ती स्टॉप दाबल्यावरच लिहितात. एफएफएमपेग हा व्हिडिओ हाताळणारा प्रोग्राम तर ‘मूव्ह अ‍ॅटम सापडला नाही’ म्हणून हात वर करतो.

अनट्रंक (Untrunc) हा प्रोग्राम ही यादी नव्याने बांधतो. त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक धड फाइल दाखवावी लागते. रिझोल्यूशन, फ्रेम रेट, कोडेक म्हणजे चित्र दाबून साठवायची पद्धत, आवाजाचा प्रकार, सगळं तेच हवं. १०८०चा नमुना ४के फाइलला लावलात तर निकाल विसरा. खरं सांगायचं तर प्रोग्रामपेक्षा हा नमुनाच मोलाचा: मिनिट-दोन मिनिटांचा, आवाजासकट, प्रत्येक सेटिंगचा वेगळा. फेडेरिको पोंकियो यांच्या मूळ प्रोग्रामपेक्षा त्यावरून निघालेली नवी आवृत्ती घ्या. विंडोजवर ती तयार मिळते.

दर वेळी कमांड टाइप करण्यापेक्षा बॅच फाइल, म्हणजे कमांड लिहून ठेवलेली फाइल, करावी. नोटपॅडमध्ये एका ओळीत अनट्रंकचा पूर्ण पत्ता, मग नमुन्याचा पत्ता, शेवटी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून १ (%1). पुढच्या ओळीत पॉज (pause), नाहीतर चूक वाचायच्या आत खिडकी मिटते. सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडून नावाला बॅट (.bat) जोडा. मग बिघडलेली फाइल ओढून या बॅच फाइलवर टाकायची. शेजारी ‘फिक्स्ड’ नावाची प्रत तयार होते. नमुना आधी, बिघडलेली नंतर, हा क्रम उलटला की सगळं फसतं. फोल्डरची नावं रोमन लिपीत, बिनस्पेसची ठेवा. बॅच फाइलमध्ये देवनागरी पत्ता हमखास अडखळतो.

काम कार्डावर करू नका. आधी फाइल संगणकावर उतरवा, आणि तोवर त्या कार्डावर नवं शूटिंग नको. फाइल शून्य केबी दिसत असेल तर अनट्रंकच्या हाती काहीच नाही. आधी फोटोरेक या हरवलेल्या फाइली शोधणाऱ्या प्रोग्रामने कार्डातून डेटा काढावा लागेल, आणि तुकड्यांत लिहिली गेलेली फाइल तिथेही अर्धीच मिळते.

मोबाइलच्या फाइलींत हे हत्यार लंगडं पडतं. फ्रेम रेट बदलता असतो, त्यामुळे मृदंग वाजतो आधी, हात हलतो नंतर. अनट्रंकचा ‘एसव्ही’ (-sv) पर्याय चित्र आवाजाच्या लांबीला ताणतो. तो अजून प्रायोगिक आहे, तरी वापरून पाहावा. मध्येच थांबलं तर ‘एस’ (-s) पर्याय अनोळखी तुकडा ओलांडून पुढे सरकतो, थोडा भाग खराब होतो इतकंच.

पैसे मोजून घ्यायच्या सॉफ्टवेअरांतही बरीचशी हाच नमुना मागतात. त्यामुळे आधी हे चालवून बघा. ओबीएस या संगणकावरच्या रेकॉर्डिंग प्रोग्रामवर रेकॉर्ड करणाऱ्यांनी एमपी४ऐवजी एमकेव्ही हा फाइलप्रकार निवडावा. लाइट गेली तरी तोपर्यंतचं उघडतं.